पाच भरत्यांचे वादळ

१९६२ सालच्या फेब्रुवारीत भारतभर अष्टग्रहीची धास्ती होती. मकर राशीत आठ ग्रह एकत्र येणार आणि जगबुडी होणार, या भाकितांपायी गावोगाव होमहवने झाली, लोकांनी प्रवास लांबणीवर टाकले. पौष अमावास्या आली आणि गेली. काही झाले नाही. पुढच्याच अमावास्येला, ६ मार्चला, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मात्र समुद्र खरोखर गावांत शिरला आणि दोन दिवसांहून अधिक काळ तिथून हटला नाही. आठ ग्रहांचा त्याच्याशी संबंध नव्हता. संबंध होता तो फक्त सूर्याचा आणि चंद्राचा, आणि अटलांटिकवर अडकून पडलेल्या एका कमी दाबाच्या क्षेत्राचा.

त्या आठवड्यातला बुधवार, ७ मार्च, हा ख्रिस्ती उपवासकाळाचा पहिला दिवस, म्हणजे ‘राखेचा बुधवार’, होता. त्यामुळे हे वादळ तिकडे ‘राखेच्या बुधवारचे वादळ’ म्हणून ओळखले जाते. त्याला स्वतःचे नाव नव्हते, कारण ते हरिकेन नव्हते. उष्ण समुद्रावर जन्मणाऱ्या चक्रीवादळांना अमेरिकेत तेव्हा बायकांची नावे देत, त्यांच्या मागावर विमाने पाठवत. हिवाळ्यात ईशान्येचा वारा घेऊन येणारी ‘नॉरईस्टर’ वादळे दरवर्षीची. त्यांचे एवढे कौतुक नव्हते. तरीही उत्तर कॅरोलायनापासून न्यूयॉर्कपर्यंतच्या किनाऱ्यावर या बिननावाच्या वादळाने सुमारे ४० माणसांचा बळी घेतला, हजाराहून अधिक लोक जखमी झाले आणि त्या काळच्या हिशेबाने २० कोटी डॉलरच्या घरात नुकसान झाले. वाऱ्याचा वेग पाहिला तर त्याहून जोराची कितीतरी वादळे या किनाऱ्याने सोसली होती. या वादळाची ताकद वेगात नव्हती, मुक्कामात होती. ही गोष्ट एकदा ध्यानात आली की पुढची सगळी हकीकत उलगडत जाते.

आधी त्या भूमीची ओळख हवी. न्यूयॉर्कच्या दक्षिणेकडचा हा किनारा आपल्या कोकणासारखा खडकाळ, डोंगर पाण्यात उतरलेला असा नाही. मुख्य भूमीपुढे वाळूची लांबट, अरुंद बेटे एकापुढे एक पसरलेली आहेत. एका अंगाला उघडा अटलांटिक, दुसऱ्या अंगाला उथळ खाडी आणि खाजणे. न्यू जर्सीचे लाँग बीच बेट जवळपास २९ किलोमीटर लांब आहे, पण काही जागी इतके चिंचोळे की समुद्राकडच्या अंगणात उभे राहिले तर खाडी दिसावी. ही बेटे खडकावर बसलेली नाहीत. मोठ्या वादळात लाटा पुळण ओलांडतात, समुद्राकडची वाळू उचलून खाडीच्या बाजूला टाकतात, आणि असे करत करत बेट हळूहळू मुख्य भूमीकडे सरकते. सरकणे हाच त्यांचा टिकून राहण्याचा मार्ग. वाळूच्या टेकड्या, त्यांवरचे गवत, मागची झुडपे आणि खाजण ही सगळी त्याच हालचालीची अंगे.

या सरकत्या जमिनीवर माणसांनी कायमची घरे बांधली. दुसऱ्या महायुद्धानंतर मध्यमवर्गाच्या दारात मोटार आली, हातात सुट्टी आली. चेसापीक खाडीवरचा पूल १९५२ मध्ये खुला झाला आणि वॉशिंग्टन, बाल्टिमोरहून मेरीलँडच्या ओशन सिटीला जाणे काही तासांचे काम झाले. न्यू जर्सीत गार्डन स्टेट पार्कवे झाला. समुद्र दिसावा म्हणून टेकड्या सपाट केल्या गेल्या, त्यांच्या जागी बंगले उभे राहिले. ओशन सिटीच्या दक्षिणेला असातीग नावाचे बेट आहे. १९३३च्या हरिकेनने मधली जमीन फोडून समुद्राला नवे मुख करून दिले, तेव्हापासून ते वेगळे झाले. या जवळपास ओसाड बेटावर १९५०च्या दशकात भूखंड पाडले गेले. सुमारे २४ किलोमीटरच्या पट्ट्यात पाच हजारांच्या आसपास भूखंड विकले गेले. मधून डांबरी रस्ता गेला, त्याला ‘बाल्टिमोर बुलेव्हार्ड’ हे भारदस्त नाव मिळाले. पैसे गुंतवणाऱ्यांना फसवणूक वाटावी असे काही नव्हते. जमीन तिथे होतीच. ती तिथेच राहील, असे सगळ्यांनी धरून चालले होते.

भरतीचाही एक विशेष होता. मुंबईत उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांतला फरक साडेतीन मीटरच्या पुढे जातो, म्हणून आपल्याकडची कोळीवाड्यांची, बंदरांची रचना त्या उंचीचा मान ठेवूनच होते. न्यू जर्सी, डेलावेअरच्या किनाऱ्यावर हा फरक साधारण सव्वा मीटरचा. पाणी रोज फारसे वर येत नाही, म्हणून घरे पाण्याच्या अगदी जवळ आणि अगदी खाली बांधली जातात. अशा जागी भरतीची रेषा एका मीटरने जरी वर सरकली, तरी ज्या उंबऱ्याने कधी खारे पाणी पाहिलेले नाही तिथे ते पोहोचते.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात नेमके तेच घडायचे होते. ६ मार्चला अमावास्या होती. अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य-चंद्रांची ओढ एका रेषेत येते आणि उधाण येते, हे कोकणातल्या पोरालाही ठाऊक असते. पण त्या दिवशी चंद्र त्याच्या फेऱ्यात पृथ्वीच्या सर्वांत जवळच्या बिंदूपाशीही होता. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी जुळल्या की नेहमीच्या उधाणावर आणखी उधाण चढते. हे गणित पंचांगात होते, भरतीच्या छापील तक्त्यांत होते. त्यात आश्चर्याचे काही नव्हते आणि नुसत्या त्या उधाणाने कुणाचे घर बुडालेही नसते.

आश्चर्याचा भाग आकाशातून आला. देशाच्या अंतर्भागातून पूर्वेकडे निघालेले एक कमी दाबाचे क्षेत्र आणि आग्नेय किनाऱ्याजवळ समुद्रावर तयार झालेले दुसरे क्षेत्र यांची उत्तर कॅरोलायनातल्या हॅटरस भूशिराच्या पुढे सांगड बसली. अशी वादळे एरवी किनाऱ्याला समांतर ईशान्येकडे धावत जातात आणि दिवसाभरात नजरेआड होतात. या वेळी वाट बंद होती. पूर्व कॅनडावर थंड हवेचे जबरदस्त उच्च दाबाचे क्षेत्र ठाण मांडून बसले होते. वादळाला उत्तरेकडे सरकता येईना, म्हणून ते किनाऱ्यापुढेच घुटमळत राहिले. त्याच्या केंद्रातला दाब विक्रमी कमी नव्हता. पण उत्तरेला उंच दाब आणि दक्षिणेला कमी दाब, या दोहोंच्या चेपात हजारभर मैलांच्या पाण्यावरून ईशान्येचा वारा सलग सुटला.

इथे थोडे थांबून पाण्याचा विचार करायला हवा, कारण ‘वादळ’ म्हटले की आपले लक्ष वाऱ्याकडे जाते. हवेचा दाब एक मिलिबारने घटला तर समुद्राची पातळी साधारण एक सेंटिमीटर उचलली जाते. हा परिणाम तसा थोडका. खरे काम करतो तो एकाच दिशेने वाहत राहिलेला वारा. तो उथळ पाणी किनाऱ्याकडे लोटत राहतो. जितक्या लांबवरून आणि जितका वेळ तो वाहील, तितक्या लाटा मोठ्या होतात आणि फुटणाऱ्या लाटांच्या रेट्याने काठावरचे पाणी आणखी चढते. हरिकेन एखाद्या गावावरून सहा-आठ तासांत निघून जाते. ते ओहोटीला आले तर गाव बचावते, भरतीला आले तर एका भरतीचा मार खाते. या वादळाने ही लॉटरीच बंद केली. दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तासांचे अंतर असते. मंगळवारी सकाळची भरती, मंगळवारी रात्रीची, बुधवारी सकाळची, बुधवारी रात्रीची आणि गुरुवारी सकाळची: अशा एकामागून एक पाच भरत्या, तोवर वारा फिरला नाही.

पहिल्या भरतीने पुळण खाल्ली. वाळूचा उतार सपाट झाला, टेकड्यांचे पाय उघडे पडले. अनेक गावांत लोकांना हा हिवाळ्यातला नेहमीचा तडाखा वाटला आणि ते ओहोटीची वाट पाहत बसले. ओहोटीची वेळ आली, पण पाणी ओसरले नाही. समुद्राच्या मुखांतून खाडीत शिरलेल्या पाण्याला वारा बाहेर जाऊ देत नव्हता. अर्धवट भरलेल्या खाडीवर दुसरी भरती चढली. आता टेकड्या राहिल्या नव्हत्या; लाटा थेट घरांवर आपटू लागल्या. आणि इथेच अनेकांचा घात झाला, कारण समुद्राकडून पळायचे तर पळायचे खाडीकडे, आणि तिथून पाणी मागच्या दाराने आधीच आत आलेले. मुख्य भूमीकडे नेणारे रस्ते खाजणातून, जेमतेम उंचीच्या भरावावरून जात. ते सर्वांत आधी बुडाले. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या भरतीला बेटांवरची गावे ही गावे राहिली नव्हती, समुद्राचाच भाग झाली होती.

लाँग बीच बेट अनेक ठिकाणी तुटले आणि समुद्र खाडीला जाऊन मिळाला. हार्वे सीडर्स या छोट्या गावात घरांच्या रांगाच नाहीशा झाल्या. काही घरे आख्खीच्या आख्खी तरंगत खाडीत गेली. ओढून नेली जाणारी ‘मॉन्सेन’ ही जुनी विनाशिका दोर तुटून भरकटली आणि याच बेटाच्या पुळणीवर येऊन रुतली. तिला बाहेर काढायला पुढे काही आठवडे लागले. डेलावेअरमध्ये रिहोबोथ बीचचा बोर्डवॉक, म्हणजे किनाऱ्यावर फिरायला बांधलेला फळ्यांचा रस्ता, उखडला गेला. त्यालगतची हॉटेले निम्मी हवेत लटकत राहिली. लुइस बंदरात पाणी नेहमीच्या भरतीच्या वर सव्वा ते दीड मीटर चढल्याची नोंद आहे. दक्षिणेला उत्तर कॅरोलायनात हॅटरस बेट बक्स्टन आणि एव्हन या गावांच्या मध्ये फुटले आणि तिथे समुद्राचे नवे मुख तयार झाले. एकमेव रस्ता तुटला. ते मुख बुजवायला पुढचे वर्ष उजाडले. त्याच वादळाने आत, डोंगरांवर, बर्फ ओतले. व्हर्जिनियातल्या बिग मेडोज इथे एक मीटरहून जास्त बर्फ साठला.

व्हर्जिनियाचे चिंकोटीग बेट असातीगच्या आडोशाला आहे, अटलांटिकच्या लाटा थेट त्याच्यावर येत नाहीत. तरीही ते जवळजवळ पूर्ण बुडाले, कारण आडोसा लाटांना अडवतो, चढत्या पाण्याला नाही. तिथला कुक्कुटपालनाचा धंदा या एका आठवड्यात मोडला, तो पुन्हा नीट उभा राहिला नाही. असातीगवर मोकळी हिंडणारी रानटी तट्टे मोठ्या संख्येने बुडाली. याच तट्टांच्या जातीची मिस्टी नावाची पाळीव घोडी मार्गरेट हेन्री यांच्या मुलांसाठीच्या पुस्तकामुळे अमेरिकाभर माहीत झालेली होती. ती गाभण होती, मालकांनी तिला घराच्या स्वयंपाकघरात आणून ठेवले आणि तिला तिथेच सोडून बेट रिकामे करावे लागले. ती वाचली. काही दिवसांनी तिला शिंगरू झाले, त्याचे नाव ‘स्टॉर्मी’ ठेवले गेले आणि तट्टांचा कळप पुन्हा उभारायला मायलेकींना गावोगाव नेऊन निधी जमवण्यात आला. चाळीस मृतांपैकी एकाचेही नाव सर्वसामान्य वाचकाला आठवत नाही, पण ही घोडी आठवते. मला याचा विषाद वाटत नाही. जी आठवण सांगता येते, तीच टिकते.

मृतांचा आकडा ४० वरच थांबला, याचे श्रेय पूर्वतयारीला देता येणार नाही. मार्च महिना होता. बंगले बंद होते, हॉटेले रिकामी होती, बेटांवर फक्त बारमाही राहणारी थोडी माणसे होती. हेच वादळ ऑगस्टमध्ये आले असते, तर त्याच रस्त्यांवरून हजारो कुटुंबांना निघावे लागले असते. वाऱ्याचा अंदाज हवामान खात्याकडे होता. मात्र भरतीमागून भरती चढत जाईल आणि मधली ओहोटी मिळणारच नाही, असा इशारा किनाऱ्यावरच्या घरांपर्यंत पोहोचला नाही. भरतीचे तक्ते एका खात्यात, वाऱ्याचे नकाशे दुसऱ्या खात्यात, आणि दोन्ही कागद एकावर एक ठेवून पाहणारा कुणी नव्हता. माझ्या मते या आपत्तीतली माणसाची खरी चूक इथे आहे. वादळ अडवता आले नसते, पण ६ मार्चची तारीख कित्येक महिने आधी काढता आली असती.

हे काम पुढे फर्गस वुड या शास्त्रज्ञाने केले. अमेरिकेच्या समुद्र व हवामान प्रशासनासाठी त्यांनी १९७८ मध्ये एक जाडजूड ग्रंथ सिद्ध केला. चंद्र जवळ असतानाचे उधाण आणि किनाऱ्यावरचे पूर यांचा १६३५ ते १९७६ पर्यंतचा मेळ त्यात त्यांनी घालून दाखवला. नुसते उधाण घातक नसते, नुसता वाराही बहुधा नसतो. दोन्ही एका वेळी आले की पूर येतो, हे त्यातून स्पष्ट झाले. १९९२ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रॉबर्ट डोलन आणि रॉबर्ट डेव्हिस यांनी नॉरईस्टर वादळांची पाच पायऱ्यांची प्रतवारी मांडली. ती निव्वळ वाऱ्याच्या वेगावर आधारलेली नाही. लाटा किती उंच आणि किती तास टिकल्या, हे ती मोजते. १९६२चे वादळ अर्थातच सर्वांत वरच्या पायरीवर बसते.

शास्त्र पुढे गेले. किनाऱ्याचे काय झाले? राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी मदत जाहीर केली आणि लष्कराच्या अभियंत्यांनी ‘ऑपरेशन फाइव्ह-हाय’ या नावाने, म्हणजे पाच भरत्यांचीच आठवण ठेवून, तातडीचे काम हाती घेतले. मुखे बुजवली, वाळूचे बांध घातले, रस्ते पुन्हा केले. काम चोख झाले. इतके चोख, की त्या नव्या बांधामागे पूर्वीपेक्षा जास्त घरे आली. ओशन सिटीत पुढच्या दशकात उंच इमारतींची रांग उभी राहिली. १९६८ मध्ये संघराज्य सरकारने पूरविमा योजना सुरू केली. बुडण्याच्या जागी घर बांधणाऱ्याला शिस्त लागावी हा तिचा एक हेतू होता. पण ज्या घरांना खासगी कंपन्या विमा देत नव्हत्या त्यांना तो मिळू लागल्याने किनाऱ्यावरचे बांधकाम उलट सोपे झाले, ही टीका तेव्हापासून आजपर्यंत होत आली आहे आणि मला ती रास्त वाटते.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले नगररचनाकार इयान मॅकहार्ग यांनी याच न्यू जर्सी किनाऱ्याचा अभ्यास करून दुसरी वाट सांगितली. पहिल्या टेकडीवर बांधू नका, तिच्यावरचे गवत तुडवू नका, घरे मागच्या, आडोशाच्या बाजूला घ्या. १९६९च्या ‘डिझाइन विथ नेचर’ या त्यांच्या ग्रंथात सुरुवातीच्या प्रकरणांतच हा किनारा येतो. जगभरच्या वास्तुशास्त्राच्या वर्गांत तो ग्रंथ वाचला गेला. न्यू जर्सीत घरे मात्र पहिल्या टेकडीच्याच जागी पुन्हा बांधली गेली. २९ ऑक्टोबर २०१२ला, पौर्णिमेच्या दिवशी, सँडी वादळ याच किनाऱ्यावर आले तेव्हा पाणी पुन्हा त्याच बेटांवर चढले.

एके ठिकाणी मात्र वेगळे घडले. असातीगवरचा बाल्टिमोर बुलेव्हार्ड त्या पाच भरत्यांत फुटून वाळूखाली गेला, बेटावर उभे राहिलेले थोडेसे बांधकामही गेले. भूखंडांचे मालक पुन्हा रस्ता मागत होते, राज्याकडे खेटे घालत होते. शेवटी सरकारने जमिनी विकत घ्यायचे ठरवले आणि सप्टेंबर १९६५ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या सहीने असातीग हा राष्ट्रीय सागरकिनारा झाला. पाच हजार भूखंडांच्या जागी आज पुळण, खाजण आणि तट्टे आहेत. फुटक्या डांबराचे तुकडे अजून तिथे पाहायला मिळतात. न्यूयॉर्कजवळच्या फायर बेटालाही १९६४ मध्ये असेच संरक्षण मिळाले. हॅटरसच्या बाबतीत राष्ट्रीय उद्यान सेवेने १९७०च्या दशकात कृत्रिम टेकड्या सतत उभारत राहण्याचे धोरण सोडले. बेटाला जागेवर जखडले तर ते अधिक अरुंद होत जाते, हे तोवर संशोधकांनी दाखवून दिले होते. १९८२ मध्ये तर कायदाच झाला, की ज्या वाळूच्या बेटांवर अजून वस्ती नाही तिथे नव्या बांधकामासाठी संघराज्याचा पैसा आणि पूरविमा मिळणार नाही. वस्ती झालेल्या बेटांना तो लागू नव्हता.

डेलावेअरच्या लुइस बंदरातली १९६२ची पाण्याची खूण जवळजवळ ५४ वर्षे सर्वांत उंच राहिली. २३ जानेवारी २०१६च्या हिमवादळात ती दोन सेंटिमीटरने ओलांडली गेली. या काळात त्या बंदरातली समुद्राची सरासरी पातळी वर्षाला साडेतीन मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे एकूण अठरा-वीस सेंटिमीटर चढलेली होती. १९६२ पेक्षा कमी जोराने लोटलेले पाणी आता त्याच खुणेपर्यंत पोहोचते.